तुम्ही असिस्टंटच बरे!

जुलै २०२५ मध्ये भारताच्या फुटबॉल संघासाठी नवा कोच शोधणं सुरू होतं आणि अर्जदारांच्या यादीत चक्क पेप गार्डिओला आणि झावी यांची नावं निघाली. झावी परवडणार नाही म्हणून त्याचं नाव बाजूला ठेवलं, अशीही बातमी आली. मीम्सचा पाऊस पडला. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खुलासा केला की ते ईमेल खरे नव्हते. सगळे हसले, विषय संपला.

मला त्या विनोदापेक्षा खऱ्या यादीने जास्त छळलं. अर्ज आले होते १७०. शेवटी उरली तीन नावं. याआधी दोनदा भारताचे कोच राहिलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच आणि जमशेदपूर एफसीचे खालिद जमील. १ ऑगस्टला खालिद यांची निवड झाली. २०१२ मध्ये गोव्याचे सावियो मदेरा गेले, त्यानंतर थेट १३ वर्षांनी भारताच्या संघाला भारतीय कोच मिळाला. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, अखेर आपला माणूस. दुसरा म्हणाला, महासंघाकडे पैसे नाहीत म्हणून स्वस्तातला माणूस.

दोन्ही तटांनी एक गोष्ट विचारलीच नाही. एवढ्या मोठ्या देशात शेवटच्या यादीत भारतीय नाव एकच का होतं? खालिद नसते तर दुसरं कोण होतं?

माझं म्हणणं सरळ आहे. देशी की विदेशी हे भांडणच फसवं आहे. राष्ट्रीय कोच महासंघाच्या बैठकीत घडत नाही, तो क्लबात घडतो. दर आठवड्याला संघ निवडून, हरून, मालकाच्या शिव्या खाऊन, पुन्हा संघ निवडून घडतो. आणि आपल्या क्लबांनी भारतीय माणसाला वर्षानुवर्षं एकच पाटी दिली आहे: असिस्टंट.

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. या लीगमध्ये कायमस्वरूपी मुख्य कोच म्हणून पहिला भारतीय नेमला गेला तो २०२१ मध्ये, आणि ते खालिदच होते. तेही कसे? नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मधोमध परदेशी कोचला काढलं, खालिद यांना ‘तात्पुरतं’ बसवलं आणि त्यांनी साखळीतले उरलेले ९ सामने न हरता संघ प्ले-ऑफमध्ये नेला. आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

त्याआधी हा माणूस काय रिकामा बसला होता? मुंबई एफसी नावाचा कमी पैशांतला क्लब त्यांनी वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये टिकवला. तिथून त्यांना जावं लागलं आणि पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्यांनी मिझोरामच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. आयझॉल आदल्या वर्षी खाली घसरलेला आणि पुन्हा आत घेतलेला संघ होता. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. बायोडाटा म्हणतात तो याहून वेगळा कसा असतो?

आता आपल्या राज्यातला क्लब बघू. मी नागपूरच्या गांधीबागेत राहतो. विदर्भात सुपर लीगचा क्लब नाही, पुण्याचा २०१९ मध्ये बंद पडला, म्हणून जो काही आपला म्हणायचा तो मुंबई सिटी. पहिल्या दहा वर्षांतले त्यांचे मुख्य कोच मोजा: पीटर रीड, निकोला अनेल्का, अलेक्झांड्र गिमारेस, जॉर्ज कोस्टा, सर्जिओ लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेट्र क्रात्की. सात माणसं. कायमस्वरूपी भारतीय एकही नाही. मधल्या काही दिवसांपुरता भारतीय कोच चालतो. मालकाला विमानाची वाट बघायची असते तेवढा वेळ.

इथे कुणी म्हणेल, भाऊ, जिंकले ना ते? जिंकलेच. लोबेरांनी २०२०-२१ मध्ये शील्ड आणि चषक दोन्ही आणले. बकिंगहॅम यांनी २०२२-२३ ची शील्ड जिंकली. त्यांच्याच संघाने एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. क्रात्कींनी २०२४ चा चषक थेट कोलकात्यात मोहन बागानला हरवून आणला. या तिघांच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण शेवटचे दोघं मुंबईत येण्याआधी काय करत होते ते बघा. बकिंगहॅम मेलबर्न सिटीत असिस्टंट कोच होते. क्रात्कीसुद्धा मेलबर्न सिटीत असिस्टंट कोच होते. २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा ज्या सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला, त्याच ग्रुपचा तो क्लब. म्हणजे असिस्टंट माणूस मोठ्या खुर्चीवर बसून शिकू शकतो यावर मुंबई सिटीचा पूर्ण विश्वास होता. एकदा नाही, दोनदा. आणि विश्वास फळालाही आला. बकिंगहॅम यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडने बोलावून घेतलं आणि काही महिन्यांत त्यांनी तो क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढवला. मुंबईने एक कोच घडवला, इंग्लंडसाठी. शिडी आहे, भक्कम आहे, फक्त तिच्या पहिल्या पायरीवर आपल्या माणसाचा पाय पडत नाही.

क्लिफर्ड मिरांडा यांचं उदाहरण तर अंगावर येतं. गोव्याचे, भारताकडून खेळलेले. २०२३ मध्ये ओडिशा एफसीने त्यांना तात्पुरतं मुख्य कोच केलं. एप्रिलमध्ये कोळिकोडला त्यांनी बंगळुरूला २-१ हरवून सुपर कप जिंकला. क्लबच्या नावावरची ती पहिली मोठी ट्रॉफी. बक्षीस काय? ओडिशाने पुढच्या हंगामासाठी लोबेरांना आणलं आणि मिरांडा मोहन बागानमध्ये गेले, असिस्टंट म्हणून. ट्रॉफी जिंकून पुन्हा असिस्टंट! याला निवड म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला सवय म्हणतो.

आणि ही सवय नवी आहे. सुपर लीगच्या आधी आपल्या कोचना जिंकता येत नव्हतं असं कुणी सांगत असेल तर त्याला गोव्याला पाठवा. आर्मांडो कोलासो यांच्या डेम्पोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली आणि २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. डेरिक परेरा यांच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची लीग मुंबईत आणली. मदेराही याच मातीतले. मग महासंघाची सगळी मेहेरनजर नव्या लीगकडे वळली. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. ज्या खुर्च्यांवर भारतीय कोच बसत होते त्या खुर्च्याच गेल्या. नव्या दालनात खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर आधीच कुणाचा तरी टॉवेल टाकलेला होता.

माझ्या पिढीला हे फुटबॉलच्या भाषेत सांगायची गरज नाही. आम्ही सगळ्यांनी ती जाहिरात वाचली आहे: ‘फ्रेशर हवा, तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.’ मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या आधीच्या कंपनीत मोठ्या प्रोजेक्टचा आर्किटेक्ट कायम बाहेरून यायचा. इथली पोरं रात्री दोनला सर्व्हर उभा करायची, आणि प्रमोशनच्या वेळी ऐकायची की ‘ओनरशिप’चा अनुभव कमी पडतो. ओनरशिप दिली कोणी होती?

गांधीबागेच्या कापड मार्केटला हे गणित कुठलीही डिग्री न घेता कळतं. दुकानात आलेलं पोरगं आधी तागे उलगडतं, मग गिऱ्हाइकाशी बोलायला लागतं. एक दिवस शेठ सुरतला खरेदीला जातात आणि गादीवर त्याला बसवून जातात. त्या दिवशी ते एखादा सौदा घालवतं, उधारी चुकीच्या माणसाला देतं. शेठ परत येऊन झापतात आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बसवतात. या मार्केटमध्ये आज स्वतःचं दुकान असलेले कितीतरी लोक असेच तयार झाले. गादीशेजारी वीस वर्षं उभं राहून गादीचं काम येत नाही.

आता खालिद यांच्या निकालांकडे येऊ, कारण ते लपवून हा वाद घालण्यात अर्थ नाही. सुरुवात झकास झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं, काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ हरवलं आणि आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. टीका व्हायलाच हवी. संघनिवडीवर करा, डावपेचांवर करा.

पण ‘बघा, भारतीय कोचला जमत नाही’ हे वाक्य टीका नव्हे. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला हरवलं तेव्हा कोच क्रोएशियाचे इगोर स्टिमाच होते. तेव्हा कुणी म्हणालं का की क्रोएशियाच्या माणसाला कोचिंग जमत नाही? त्यांच्यानंतर आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ राष्ट्रीय संघ आणि एफसी गोवा अशा दोन नोकऱ्या एकाच वेळी करत होते. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. स्पेनची बदनामी झाली? परदेशी माणूस हरला तर तो एकटा हरतो. आपला हरला तर सगळ्यांच्या नावावर जातो. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याला कॉलेजात नापास करतात.

परदेशी नकोच, असं मी म्हणत नाही. बॉब हाऊटन यांनी आपल्याला २०११ च्या आशिया चषकात नेलं, १९८४ नंतर पहिल्यांदा. कॉन्स्टंटाइन २०१९ ला घेऊन गेले. शिकवायला येणाऱ्याचं स्वागतच करावं. प्रश्न असा की शिकलेल्याला परीक्षेला कधी बसवणार?

जपानकडे बघा. त्यांनीही युरोपातून, ब्राझीलमधून कोच आणले, आजही त्यांच्या क्लबांत परदेशी कोच असतात. पण २०१२ मध्ये सान्फ्रेचे हिरोशिमा या क्लबने हाजिमे मोरियासू नावाच्या, तोवर असिस्टंट राहिलेल्या माणसाला मुख्य कोच केलं. त्याने २०१२, २०१३ आणि २०१५ अशी तीनदा जे-लीग जिंकली. २०२२ च्या विश्वचषकात याच मोरियासूंच्या जपानने जर्मनीला आणि स्पेनला हरवलं. जर्मनीला हरवणारा कोच जपानच्या महासंघाला कुठल्या ईमेलमध्ये सापडला नव्हता. एका क्लबने दहा वर्षं आधी जोखीम घेतली होती.

आपलाही इतिहास हेच सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. १९५१ आणि १९६२ च्या एशियाडचं सुवर्ण आणि १९५६ च्या ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक त्यांच्या संघांचा. ते जवळजवळ तेरा वर्षं त्या खुर्चीवर होते. आपण आता तेरा महिन्यांत तीन कोच बघतो.

मला याची फिकीर का? कारण नागपुरात फुटबॉल नाही असं ज्याला वाटतं त्याने कामठीला जाऊन यावं, मोहननगरला जाऊन यावं. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे यांनी २००१ पासून याच शहरातल्या झोपडपट्टीतली पोरं मैदानावर आणली, आणि त्यावर २०२२ मध्ये नागराज मंजुळेंनी ‘झुंड’ काढला. इथे शिकवणारी माणसं आहेत. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने चेंडू आणणारी, डी लायसन्स, सी लायसन्सचे कोर्स करणारी माणसं. त्यांनी वर बघितलं तर सगळ्यात उंचावर काय दिसतं? सुपर कप जिंकूनही पुन्हा असिस्टंट झालेला माणूस. अशा शिडीसाठी कोण प्रो लायसन्सपर्यंत जाईल? आणि कोच वर गेला नाही तर त्याच्या हाताखालचं पोरगं तरी कुठवर जाणार?

म्हणून मागण्या साध्या आहेत. ड्युरँड आणि सुपर कपमध्ये प्रत्येक क्लबने संघाची पूर्ण सूत्रं भारतीय कोचकडे द्यावीत, नावापुरती नाही. तात्पुरता म्हणून बसवलेला माणूस जिंकला, तर कायमच्या जागेसाठी त्याची मुलाखत आधी घ्यावी. महासंघाने नाव जाहीर करण्याआधी निकष जाहीर करावेत: काय हवं आहे, किती सामन्यांनी हिशेब मागणार, आणि निवड चुकली तर निवडणाऱ्यांपैकी कोण घरी जाणार. आजवर घरी फक्त कोचच गेला आहे.

आणि आपण प्रेक्षकांनी एवढं करावं. मुंबई सिटीची खुर्ची पुढच्या वेळी रिकामी होईल तेव्हा ‘आता युरोपातून कोण येणार’ हे विचारण्याआधी क्लबच्या पेजवर जाऊन एकच प्रश्न टाकावा: यावेळी किती भारतीयांची मुलाखत घेतली? उत्तर येईपर्यंत रोज टाकावा.