दोघं एका फोटोत

आमचे दादा-वहिनी आशिया फिरून येडगावला परतले. फोटो बघायला सगळं घर गोळा! जावा बेटावरच्या बोरोबुदुरचे जाळीदार स्तूप दिसले (माथ्यावर ७२ आहेत म्हणे दादा), तशी पुतणी ओरडली, "अय्या, लेण्याद्रीसारखा!" बरोबर, फक्त आपला स्तूप भरीव, डोंगरातच कोरलेला.

आईचं लक्ष भलतीकडेच. "सूनबाई, सगळीकडे तू एकटीच कशी गं?"

"आई, कॅमेरा ह्यांच्या हातात ना!"

खरंच की! शेकडो फोटो, पण दोघं एकत्र एकाही फोटोत नाहीत. मग काय, संध्याकाळी सगळे कुकडीवरच्या धरणाकडे. कॅमेरा पुतणीकडे. दादानं नेमके डोळे मिटले, फोटोही हलला. आईनं फ्रेमसाठी तोच मागितला.