गाडी उचलायची? आधी खचलेले दोन इंच परत घ्या

पोस्ट जरा लांब झालीय. पण ज्यांच्याकडं जुनी फोर-बाय-फोर बोलेरो, स्कॉर्पिओ, थार नाहीतर एमएम ५४० आहे त्यांनी वाचाच. ज्यांच्याकडं नाही, पण जे रात्री मेहकर–चिखली रस्त्यानं मोटारसायकलवर येतात-जातात, त्यांचाही या विषयाशी संबंध आहे.

पावसाळा जवळ आला की हिवरा आश्रमच काय, आजूबाजूच्या गावांतही विषय निघतोच : गाडी उचलायची का, आणि किती? मोबाईलवर चार इंच, सहा इंच उचललेल्या जीप पाहून पोरं पेटलेली असतात. गरज खोटी नाही हो. आपल्या पांदण रस्त्यांची माती काळी. ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात, मधला उंचवटा तसाच राहतो, आणि जीपचा पोटाखालचा भाग त्याच्यावर टेकतो. ऐन सोंगणीत सोयाबीन शेतात पडलेलं, वरून ढग आलेले, आणि गाडी पांदणीत बसलेली. हे ज्यानं भोगलं त्याला "उचलू नको" म्हणून सांगणं सोपं नाही.

तरीही माझं म्हणणं स्पष्ट आहे. बहुतेकांना लिफ्टची गरजच नाही. त्यांची गाडी खचलेली आहे.

पंधरा-वीस वर्षं ऊस, खत, माणसं, पाण्याच्या टाक्या वाहून मागचे कमानपाटे सपाट होतात. काहींचे तर उलटे वाकलेले असतात. दीड-दोन इंच उंची तिथंच गेलेली असते आणि मालक लिफ्टचे भाव विचारत फिरतो. एक काम करा. गाडी रिकामी करा, सपाट जागेवर लावा, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. डावी-उजवी बाजू जुळत नसेल, किंवा त्याच मॉडेलच्या कमी वापरलेल्या गाडीपेक्षा माप कमी भरत असेल, तर उत्तर मिळालं. कंपनीच्या मापाचे नवीन पाटे, बुश, शॉकअप टाका. गाडी वर येईल, बसेल नीट, आणि कोणत्याही कायद्यात अडकणार नाही. माझ्या मते आपल्या भागासाठी हीच खरी "लिफ्ट".

आता दुसरी गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. सस्पेन्शन उचललं की बॉडी आणि चेसिस वर जाते, पण मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळा जिथं आहे तिथंच राहतो. अन् चाकोरीच्या उंचवट्यावर सगळ्यात आधी टेकतो तो हाच गोळा! तो वर नेतो फक्त टायर. तिथंही हिशोब निम्मा : टायरचा व्यास एक इंच वाढला की ॲक्सल अर्धाच इंच वर. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी चांगल्या खाचांचे टायर घ्या. आपली माती पहिल्या शंभर फुटांत टायरला चिकटून खाचा भरून टाकते, मग चाक गुळगुळीत लाटण्यासारखं फिरतं. तिथं चार इंचाची लिफ्टही काही करत नाही. आणि हो, आधी पुढच्या चाकांना ताकद जाते का तेवढं तपासा. वर्षानुवर्षं फोर-व्हील लावलेलंच नाही अशा कितीतरी गाड्या आहेत. लिव्हर हलतो, पुढचं चाक फिरत नाही.

स्वस्तातले उपाय तर बघवत नाहीत. लांब शॅकल टाकली की स्प्रिंगचा कोन बदलतो, स्टिअरिंग भटकायला लागतं. दोन इंच लांब शॅकलनं उंची मिळते एकच इंच. एक पाटा जास्तीचा टाकला की रिकामी गाडी गिट्टीवर उड्या मारते. जुन्या स्कॉर्पिओ-थारला पुढं टॉर्शन बार आहे. तो पिळून पुढची बाजू वर करणारे बरेच आहेत. गाडी दिसते रुबाबदार, पण चाकाला खाली जायला वाव उरत नाही, एक्सलचे जॉइंट वाकड्या कोनात चालतात, रबर फाटतं आणि त्यात आपलीच माती जाते.

हे झालं मालकाचं नुकसान. मला काळजी दुसऱ्यांची आहे. पुढून उचललेल्या गाडीचे दिवे कोणी खाली करून घेत नाही, ते सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. विवेकानंद जन्मोत्सवाच्या दिवसांत आपल्या रस्त्यावर रात्री किती पायी माणसं, किती मोटारसायकली असतात ते वेगळं सांगायला नको. शिवाय ब्रेकचे होज ताणले जातात. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो; तो उंचीवरून गाडीत किती वजन आहे ते ओळखतो. गाडी उचलली की तो समजतो गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी देतो. आत मात्र दहा माणसं.

उलटण्याचा हिशोबही साधा आहे. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर १४०० मिलिमीटर, उंची ७०० : उत्तर १. चार इंच उचलून गुरुत्वमध्य ८० मिलिमीटर जरी वर गेला तरी उत्तर ०.९. जेवढं कमी तेवढी गाडी लवकर उलटते. हीच गाडी घेऊन तुम्ही मेहकरजवळून समृद्धीवर चढणार, जिथं कारला १२० ची मुभा आहे. पांदणीतला दहाचा वेग आणि तिथला शंभरचा, गाडी एकच.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हाच बदल शोधणार.

पण इथं माझी शासनाकडंही तक्रार आहे. शेतकऱ्याला बंदी सांगायची आणि वाट मात्र द्यायची नाही, हे बरोबर नाही. दीड-दोन इंचाचा, पाटे आणि शॉकअप एकमेकांना जुळणारे, तपासून मंजूर केलेला संच जुन्या फोर-बाय-फोरसाठी का असू नये? आरटीओनं गाडी पाहावी, दिवे-ब्रेक तपासावे, आरसी बुकात नोंद करावी. त्या मर्यादेपलीकडं जाणाऱ्याला मग खुशाल दंड ठोका. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद योजना २०२१ पासून कागदावर आहे. पांदणीला भराव आणि दोन्ही बाजूंनी नाली मिळाली तर निम्म्या गाड्या उचलायचं कामच पडणार नाही. ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या कोणत्या पांदणी यादीत आहेत, एवढं तरी विचारा.

मृग लागायच्या आत टेप घेऊन गाडी मोजा. चारही चाकांची मापं, मॉडेल आणि साल खाली लिहा. कोणाची खरंच बसलीय आणि कोणाला नुसती हौस आहे, ते तिथंच कळेल.