स्वस्त बंदूक कोणी निवडली? रायगड किनाऱ्यावरील गुळगुळीत नळीची गोष्ट

१/
मुरूडला गेलेला प्रत्येक इतिहासप्रेमी जंजिऱ्यावरील कलाल बांगडी तोफेपाशी थांबतो. तिचा धातू, तिचा पल्ला, तिचा आवाज यांवर समाजमाध्यमांत वाद रंगतात. मात्र याच किनाऱ्यावर, रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत, या तोफेपेक्षा कितीतरी अधिक घरांशी जोडलेले एक शस्त्र आहे. ते म्हणजे ठासणीची बंदूक. तिच्यासमोर कोणी छायाचित्र काढत नाही. हा धागा तिच्याविषयी आहे.

२/
या बंदुकीचा विषय निघाला की एक ठरावीक उत्तर मिळते: कोकणातला शेतकरी गरीब, रायफल त्याला परवडणार कशी, म्हणून आजोबांच्या काळातली ठासणीच त्याने जपली. हे उत्तर अर्धेच खरे आहे. बंदुकीची किंमत बाजारात ठरते. पण कोणती बंदूक कोणाच्या हाती पडावी, हे या देशात दीडशेहून अधिक वर्षे सरकार ठरवत आले आहे. ज्याला ‘परंपरा’ म्हटले जाते, तिच्यातील बराच भाग म्हणजे कायद्याने आखून दिलेली पायरी होय.

३/
आधी यंत्र समजून घेऊ. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, आणि हे सारे गजाने ठासायचे. मागच्या बाजूला टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो. दुसऱ्या बारासाठी हा सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. कोकणातल्या पावसात दारू सर्दावली, तर पहिलाही बार निघत नाही.

काडतुसाची बंदूक मागून उघडते. दारू, गोळी आणि टोपी तिन्ही एकाच काडतुसात असतात. रायफल ही आणखी वेगळी गोष्ट. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि लांबवर सरळ जाते. ज्या नळीत असे पेच नाहीत, ती गुळगुळीत नळी. बंदूक कुठून भरायची हा एक प्रश्न आणि नळीत पेच आहेत की नाहीत हा दुसरा. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

४/
१८५७ म्हटले की एन्फील्डची काडतुसे आणि त्यांवरची चरबी सर्वांना आठवते. ती एन्फील्ड ठासणीचीच होती, पण तिच्या नळीत पेच होते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक काढली. दिसायला ती एन्फील्डसारखीच, फक्त नळीतील पेच कातून काढलेले. बाहेरून रायफल, आतून गुळगुळीत. लांबचा अचूक नेम हिंदी माणसाच्या हाती राहू नये, इतका साधा हिशेब त्यामागे होता. पुढेही गोऱ्या पलटणीला नवे हत्यार आणि हिंदी पलटणीला एक पिढी मागचे, हा क्रम दीर्घकाळ चालला. पाठ्यपुस्तकांनी काडतुसाच्या चरबीवर इतकी पाने खर्च केली की नळीच्या आत डोकावायला जागाच उरली नाही.

५/
शिपायांनंतर रयतेची पाळी आली. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा प्रसिद्ध आहे. शस्त्रांचा कायदा त्या मानाने दुर्लक्षित. त्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला, यावरून तो किती बोचत होता हे कळते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वासुदेव बळवंत फडके हे पनवेलजवळच्या शिरढोणचे. त्यांच्या बंडामुळे शस्त्रबंदी आली, असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. क्रम उलटा आहे. कायदा १८७८ चा. बंड १८७९ चे. मे १८७९ मध्ये त्यांच्या साथीदारांनी पळस्पे येथे दरोडा घातला, तेव्हा कायदा अमलात आलेला होता.

६/
किनाऱ्याची भूगोलरेषाही ध्यानात घ्यावी लागेल. कुंडलिकेच्या खाडीच्या उत्तरेस अलिबाग, म्हणजे १८४० मध्ये आंग्र्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आलेला मुलूख. खाडीच्या दक्षिणेस, बाणकोटच्या खाडीपर्यंत, सिद्दीचे जंजिरा संस्थान. आजचे मुरूड, म्हसळे आणि श्रीवर्धन हे तालुके त्याच मुलखातले. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत संस्थानात शिकारीचे मोठे रान होते, ते फणसाड. ते नवाबाचे राखीव रान. तिथले सांबर नवाबाच्या आणि त्याच्या पाहुण्यांच्या रायफलीसाठी. त्याच रानातून रात्री उतरून भात तुडवणारे डुक्कर मात्र गावकऱ्याच्या वाट्याचे.

७/
आता रायफलीकडे वळू, कारण ‘परवडणारी शिकारी रायफल’ हा शब्दप्रयोग भारतात आला तोच एका बंदीतून.

इंग्रजी लष्कराची रायफल होती .३०३ बोअरची. तिचे काडतूस खासगी माणसाकडे असले की लष्करी काडतूस बंडखोरांकडे जाणार, ही सरकारची भीती. म्हणून हिंदुस्थानात लष्करी बोअर खासगी वापरासाठी बंद झाले. १९०७ मध्ये .४५० बोअरवरही हिंदुस्थान व सुदानसाठी बंदी आली, आणि इंग्लंडमधील बंदूक-कारखानदारांनी केवळ या बाजारपेठेसाठी .४७०, .४६५ असे नवे बोअर काढले. ते राजेरजवाडे आणि बड्या साहेबांचे. मधल्या गिऱ्हाइकासाठी बीएसए कंपनीने ली-एन्फील्डच्याच धाटणीची रायफल .३१५ बोअरमध्ये आणली. यंत्रणा लष्करी रायफलीची, पण तिच्यात लष्करी काडतूस बसत नाही.

८/
स्वातंत्र्यानंतर सरकारी आयुध निर्माणीने हीच .३१५ पुढे चालवली. बंगालमधील ईशापूर हे तिचे घर. १९८० च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली, जुन्या विलायती रायफलींचे भाव चढत गेले आणि .३१५ हीच भारतीयाला परवडणारी रायफल ठरली. .३०३ आजही सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर आहे. आज एखादा हौशी .३१५ ला ‘देशी पसंती’ म्हणतो, तेव्हा तो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या साहेबी भीतीलाच पसंती म्हणत असतो.

९/
समजा, कायदा नसता आणि मुरूडच्या बागाईतदाराला मोकळी निवड असती, तर त्याने रायफल घेतली असती का?

बहुधा नाही. कोकणातले रान दाट. करवंदीच्या जाळ्या, कारवी, आंब्या-फणसाची गर्दी. तीस-चाळीस पावलांपलीकडे जनावर दिसतच नाही. तिथे पाचशे पावलांचा नेम काय कामाचा? उलट रायफलीची गोळी चुकली तर ती पलीकडच्या वाडीपर्यंत जाते, आणि किनाऱ्यावर दोन वाड्यांमध्ये अंतर ते किती! हाक्याच्या शिकारीत समोरून हाकारे येत असतात, तिथे तर लांब पल्ला म्हणजे संकटच. गुळगुळीत नळीतले छर्रे थोड्या अंतरावर जोर गमावतात. शिवाय तिच्यात छर्रे भरा किंवा एक जाड गोळी भरा, ससा आणि डुक्कर दोन्हींना एकच बंदूक पुरते. ठासणीला काडतुसे लागत नाहीत, दारू-शिसे आणि टोपी मिळाली की भागते. तिचा दस्ता मोडला तर गावचा सुतार बसवून देतो. स्वस्त म्हणजे केवळ विकत घ्यायला स्वस्त नव्हे. वर्षानुवर्षे पोसायला स्वस्त.

१०/
तेव्हा गुळगुळीत नळी या भूमीला साजेशी होती, हे मान्य करायलाच हवे. प्रश्न इतकाच की ती साजेशी आहे हे ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याला कधी मिळाला नाही. आणि ठासणी तर त्याहून खालची पायरी. बारा बोअरची काडतुसाची बंदूकही गुळगुळीत नळीचीच असते. ती ओल्या दिवसांत निघते, दुसरा बार लगेच देते, चवताळून अंगावर येणाऱ्या डुकरासमोर जीव वाचवते. शेतकऱ्याला ती का मिळू नये?

११/
उत्तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. हा स्वतंत्र भारताचा कायदा. १८७८ चा कायदा रद्द करून आणलेला. त्याचे कलम १३ वाचण्यासारखे आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळ-शिकारीसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. हे शब्द थेट कायद्यात आहेत. ठासणी पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच पिकासाठी दुसरी गुळगुळीत बंदूक देता येते. रायफलीसाठी तर ‘सबळ कारण’ दाखवायचे.

म्हणजे हौसेने ससा मारणाऱ्याला काडतूस, आणि वर्षाचे भात वाचवणाऱ्याला गज आणि दारू. साहेब जाऊन बारा वर्षे झाली होती. पायऱ्या तशाच राहिल्या, फक्त पायरीवर उभे करण्याची कसोटी वंशाऐवजी ‘प्रयोजन’ झाली. या कलमामागे गावागावांत वेगवान हत्यारे पसरू नयेत ही रास्त चिंता होती, आणि ती फेटाळण्याजोगी नाही. तथापि तिची किंमत कोणी मोजली, हे लिहिण्याची जबाबदारी इतिहासाची आहे.

१२/
यानंतरचा भाग परिचित आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झाले. नवाबाची रायफल गेली, हे उत्तमच झाले. शेकरू आणि सांबर यांना जगण्याचा हक्क होताच. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत याच कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी मागता येते. अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा, मंजुरी यायची; डुक्कर मात्र एका रात्रीत नाचणीचा तुकडा लोळवून जाते.

आणि म्हणूनच विनापरवाना ठासणी जप्त झाल्याची बातमी आली की तिच्याखाली ‘शिकारी टोळी’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी थोडे थांबावे. काही शिकारी असतात, यात शंका नाही. पण ज्या हत्याराला कायद्यानेच पिकाचे हत्यार म्हणून नाव दिले, ते घरात सापडणे म्हणजे आपोआप शिकारीचा पुरावा नव्हे.

१३/
शेवटची नोंद, परवाना असलेल्यांविषयी. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे मतदान १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला. कोकणात हे भात पिवळे होऊन कापणीला येण्याचे दिवस. पिकाच्या राखणीसाठी दिलेली बंदूक नेमकी त्या आठवड्यांत ठाण्यात, आणि शेतकरी माळ्यावर पत्र्याचा डबा बडवत जागा.

(समाप्त)