घरचा संगणक : लिनक्सवर वायफाय लागत नाही?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अपडेट बंद झाली. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून बऱ्याच घरांत मुलांनी जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकले. संगणक झटपट चालू लागला, पण वायफाय लागेना! शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि सल्ले मिळतात दोनच. संगणक भंगारात द्या, नाहीतर कुणाकडून तरी फुकटचे विंडोज टाकून घ्या. पहिला सल्ला खर्चात पाडणारा आहे. दुसऱ्यात दुसऱ्याचा हक मारला जातो, शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरसही येऊ शकतो. लिनक्स मोफत वापरणे आणि दुसऱ्याला देणे, दोन्ही कायदेशीर आहे. तेव्हा ते काढून टाकण्याआधी पुढील तपासणी याच क्रमाने करा.

१. आधी मोबाइल बघा. त्याच वायफायवर मोबाइल चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा कंपनीच्या लाइनचा. राउटर बंद करून मिनिटभराने सुरू करा. मोबाइल चालत असेल तरच पुढे जा.

२. वायफाय कार्ड आहे का? लॅपटॉपमध्ये ते असतेच, पण जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा नसते. तो आजवर केबलवर चालला असेल तर लिनक्सचा काही दोष नाही. यूएसबीचा छोटा डोंगल लागेल. डोंगल असेल तर टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत एल-एस-यू-एस-बी लिहा आणि एंटर दाबा. मग डोंगल काढून तेच पुन्हा करा. यादीतून जी ओळ गेली, तो तुमचा डोंगल. त्या ओळीत बहुतेक वेळा चिप बनवणाऱ्या कंपनीचे नावही दिसते. ते वहीत लिहून ठेवा.

३. वायफाय बंद तर नाही ना? सेटिंग्जमध्ये एअरप्लेन मोड सुरू नाही ना ते पाहा. शंका असेल तर टर्मिनलमध्ये आर-एफ-के-आय-एल-एल, एक जागा सोडून एल-आय-एस-टी लिहा. वायफायपुढे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ दिसले तर ते सेटिंग्जमधून सुरू होते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा कीबोर्डवरची वायफायची कळ तपासा.

४. ड्रायव्हर. खरी अडचण बहुधा इथेच असते. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. कार्डाची भाषा वेगळी, लिनक्सची वेगळी. बऱ्याच कार्डांचे दुभाषे लिनक्समध्ये आधीपासूनच असतात, पण ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही चिपसाठी ते वेगळे मागवावे लागतात. आता मागवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! त्यावर उपाय तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टिदरिंग’ सुरू करा. संगणकाला इंटरनेट मिळेल. मग उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. तिथे वायफायचा ड्रायव्हर दिसला तर तो निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. मध्येच ‘सिक्युअर बूट’साठी पासवर्ड ठरवायला सांगितले तर तो लिहून ठेवा. संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो.

५. वायफाय जोडले, पण साइट उघडत नाही? संगणकाची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित साइट दार उघडत नाहीत. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या. तो स्वस्तात मिळतो.

६. सिग्नल येतो-जातो? डोंगल कॅबिनेटच्या मागे पत्र्याच्या आडोशाला असेल तर यूएसबीच्या लांब वायरने तो पुढे, टेबलावर आणा. नागपूरकरांनो, उन्हाळ्यात कूलरही बघा. लोखंडी अंग आणि पाण्याने भरलेली टाकी राउटर आणि संगणकाच्या मध्ये आली तर सिग्नल अडतो. राउटर वर, मोकळ्या जागी ठेवा.

एक पथ्य सांभाळा. एका वेळी एकच बदल करा, आणि काय केले ते वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर मागे फिरता येत नाही. नवा डोंगल घ्यायला सीताबर्डीला गेलात तर ‘लिनक्सवर चालतो का, नाही चालला तर परत घ्याल का?’ एवढे आधी विचारा.

हे काम घरातल्या मुलींनाही करू द्या. संगणक बिघडला की भाऊ येईपर्यंत थांबायचे, ही सवय अनेक घरांत आहे आणि त्या थांबण्यात अर्जाची तारीख निघून जाते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत ऐकता येतात. वर सांगितलेल्या सहा पायऱ्या वहीत उतरवून वही संगणकाजवळच ठेवा. पुढच्या वेळी वायफाय अडले तर आधी मुलीच्या हातात ती वही द्या.