घाटात उकळणारी जीप



आजचा विषय पिकाचा नाही, पण पीक ज्या गाडीतून बाजारात जाते तिचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी जीप असते. मूळची पेट्रोलवर चालणारी, पुढे कोणीतरी तिच्यात डिझेल इंजिन बसवलेले, चिखलातून सुटावी म्हणून मोठे टायर घातलेले, पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यावर दिवे. अशी गाडी बांधावरून, ओढ्यातून, कुठूनही जाते. फक्त घाट आला की उकळते.

मी बी. एस्सी. (कृषी) झालेला माणूस. मोटारीचा मेस्त्री नव्हे. तथापि विस्ताराच्या नोकरीत तीस वर्षे घाट चढण्यात गेली, त्यामुळे उकळलेल्या गाडीशेजारी दगडावर बसण्याचा अनुभव मला भरपूर आहे. शिवाय रोगाचे निदान पिकाचे असो वा यंत्राचे, रीत एकच. पान पिवळे दिसले की धावत जाऊन युरिया टाकणारा शेतकरी जसा फसतो, तसाच इंजिन तापले की लगेच रेडिएटर बदलणारा फसतो. पान कोठून पिवळे पडते, शेंड्याकडून की बुडाकडून, हे आधी पाहायचे असते.

पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरी करणारे एक शेतकरी माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांना मी आबा म्हणतो. फाल्गुनात तोडा जोरात असतो. आबांची जीप सकाळी फळ घेऊन पसरणी घाट उतरून वाईला जाई आणि येताना पेंडीची व खताची पोती घेऊन घाट चढे. अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्यात. एके दिवशी बरोबर असलेल्या त्यांच्या मुलाने घाईने रेडिएटरचे टोपण उघडले. उकळत्या पाण्याचा फवारा हातावर व मानेवर आला. पोरगा वाचला, पण कोपरापर्यंत डाग आजही आहे.

त्यानंतर गाडी एका गॅरेजात गेली. तिथे थर्मोस्टॅट काढून फेकला गेला. गाडी तापतच राहिली. मग जाड रेडिएटर आला. तरी तापली. मग जाळीच्या पुढे विजेचा पंखा बसवला, तेव्हा तर जास्तच तापली. शेवटी निदान झाले की इंजिनच गेले, हाफ इंजिनचे काम काढावे लागेल. त्या पैशासाठी दुभती गाय विकायचे घरात ठरले आणि गिऱ्हाईकही येऊन पाहून गेले. मी स्ट्रॉबेरीवरील कोळी पाहायला गेलो होतो, तेव्हा वहिनींनी चहा देताना हे सांगितले. त्यांच्या बोलण्यात गाईचे दुःख अधिक होते.

मी आबांना विचारले, गाडी तापते केव्हा? ते म्हणाले, नेहमीच. वहिनी म्हणाल्या, नेहमी नाही. सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत सपाटीला गाडी जोरात असते तेव्हा काटा जागेवर असतो. घाटात हळू चालली की चढतो, आणि घाटात कोठे थांबून इंजिन चालू ठेवले तर फारच चढतो. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. कोठे गळत नाही, तरी भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी दीड-दोन बाटल्या कमी असते.

बंधूंनो, निदानाचा निम्मा भाग या दोन वाक्यांत होता. गाडी जोरात असता वारा आपोआप जाळीतून आत शिरतो. तेव्हा इंजिन थंड राहते आणि हळू चालताना तापते, तर वाऱ्यात खोट आहे, म्हणजे पंख्यात. याच्या उलट सपाटीला वेगात तापत असेल तर खोट बहुधा पाण्याच्या वाटेत असते. रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या, पंपाची पाती झिजलेली, किंवा खालची रबरी नळी पंपाच्या ओढीने आत चेपत असलेली. या खालच्या नळीत तारेची स्प्रिंग असावी लागते, ती गंजून गेली की नळी चिपाडासारखी चपटी होते. इंजिन बंद केल्यावर ती पुन्हा फुगते, म्हणून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता वाऱ्याची परीक्षा. गाडी उभी, इंजिन चालू, आणि जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरून सोडायचा. पंखा नीट ओढत असेल तर कागद चिकटून राहतो. आबांच्या जीपवर तो खालच्या बाजूला मध्यभागीच चिकटला. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पडला. कारण सरळ होते. नवे इंजिन जुन्या जागेपेक्षा खाली व मागे बसले होते, त्यामुळे पंख्याचा मध्य रेडिएटरच्या मध्यासमोर नव्हता, पंखा रेडिएटरपासून चांगली वीत दूर होता आणि पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे कोणी बसवलेच नव्हते. कडे नसले की पंखा समोरची गार हवा ओढण्याऐवजी बाजूची, इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो. त्यात पुढचा विजेचा पंखा उलट्या तारांनी जोडलेला. मागचा पंखा हवा आत ओढतो आणि पुढचा बाहेर ढकलतो! या कामी वहिनींचा पदर व माझे उपरणे आम्ही आधी खोचून घेतले. आपणही घ्यावे. चालू पंख्याजवळ सैल कपडा नको, आणि विजेचा पंखा तर इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू लागतो.

वाईच्या एका पत्र्याचे काम करणाऱ्याकडून कडे करून घेतले. रेडिएटरची सारी पाठ झाकेल असे, आणि मध्ये पंख्यापुरते गोल तोंड. पाती साधारण अर्धी कड्याच्या आत व अर्धी बाहेर राहावीत. पातीचे टोक व कडे यांत इंचभर जागा सोडावी, कारण इंजिन आपल्या रबरांवर हलते. दूर राहिलेला पंखा मधे ठोकळा घालून पुढे आणला. विजेच्या पंख्याच्या तारा उलटवल्या. बंपरवरचे मोठे दिवे जाळीसमोरून बाजूला घेतले. आणि रेडिएटरच्या पत्र्यांत अडकलेले गवताचे बी, किडे व वाळला चिखल हे सारे इंजिनाच्या बाजूने पुढे असे हलक्या पाण्याने धुतले. पुढून जोराचा फवारा मारला तर कचरा आणखी आत बसतो व पत्र्या वाकतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. दोन बाटल्या पाणी जाते कोठे? मी जीपच्या बाजूला उभा राहून पाहिले तर रेडिएटरचे टोपण इंजिनच्या हेडपेक्षा चार बोटे खाली. हे इंजिन मुळात उंच, आणि जीपचे नाक बुटके. ठिबकच्या नळीत उंचवट्यावर हवा अडकली की पुढे पाणी जात नाही, हे आपणांस ठाऊक आहे. येथे तेच. टोपणातून कितीही भरा, हेडच्या वरच्या भागात हवा अडकूनच राहायची. गाडी चालल्यावर ती थोडी सुटे व पाण्याची पातळी खाली जाई. आणि हेड हाच इंजिनचा सर्वांत तप्त भाग. तेथे पाणी न लागता वाफ लागली की गॅस्केट जळते, पुढे हेडला तडा जातो.

यातच एक फसवणूक आहे, ती नीट ध्यानात घ्या. काट्याचा गोळा पाण्यात बुडालेला असेल तेव्हाच काटा खरे बोलतो. पाणी संपून गोळा हवेत आला की काटा कधी कधी खाली येतो, आणि चालकाला वाटते, चला, गार झाली! बदललेल्या गाडीत आणखी घोटाळा असतो. गोळा एका गाडीचा, मीटर दुसऱ्या गाडीचे. म्हणून शंका असेल तर उष्णतामापकाने वरच्या नळीचे व हेडचे तापमान पडताळून पाहावे. हल्ली दुरून धरण्याचा उष्णतामापक चांगल्या गॅरेजात असतो.

उपाय असा केला. हेडपेक्षा उंच जागी, चालकासमोरच्या पत्र्यावर, एक छोटी टाकी बसवली. दाबाचे टोपण आता त्या टाकीवर आहे आणि रेडिएटरवर साधे बंद झाकण. हेडच्या सर्वांत वरच्या जागेपासून एक बारीक नळी टाकीत आली, तिच्यातून हवा सुटते. टाकीच्या तळापासून दुसरी नळी पंपाच्या ओढीकडे गेली, तिच्यातून पाणी येते. एवढे करणे ज्यांना जमत नाही त्यांनी निदान भरताना तरी गाडीचे नाक चढाकडे करून उभी करावी, इंजिन पूर्ण गार असू द्यावे आणि काट्याचा गोळा थोडा सैल करून बुडबुडे संपेपर्यंत सावकाश भरावे. पाण्याची सलग धार आली की गोळा आवळावा.

मग इंजिन खरेच गेले होते का? तेही पाहिले. हेड गॅस्केट गेले असले तर गार इंजिन सुरू केल्याबरोबर मिनिटभरातच रबरी नळी दगडासारखी कडक होते, पाण्यात बुडबुड्यांची अखंड रांग येते, किंवा ऑइल दुधाळ होते. यांतले काहीच नव्हते. धूर मात्र काळा होता. ओढ वाढावी म्हणून कोणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल जास्त सोडले होते. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता. ते पंपवाल्याकडून जागेवर आणले.

थर्मोस्टॅट नवा बसवला. तो काढला की गाडी गार राहते ही समजूत गॅरेजात फार पसरली आहे. थर्मोस्टॅट अडकून बसला असेल तर तो बदलावा. काढून टाकल्याने थंडीत इंजिन तासभर गारच राहते, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर फिरू लागते. नवा घेताना परीक्षा करावी. जुन्या डब्यात पाण्यात लोंबकळत ठेवून तापवावा. त्यावर ८२ लिहिले असेल तर सुमारे ८२ अंशांस तो उघडू लागला पाहिजे. स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये.

आता टोपणाबद्दल, कारण मुलाचा हात त्यानेच भाजला. ते नुसते झाकण नाही, प्रेशर कुकरची शिट्टी आहे. पाचगणीची उंची सुमारे १,३०० मीटर. तेथे उघड्या पातेल्यात पाणी १०० ऐवजी सुमारे ९६ अंशांसच उकळते. चौरस इंचास ७ पौंड दाब धरणारे टोपण चांगले असेल तर तेच पाणी तेथे सुमारे १०८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून टोपणाचे रबर फाटले असेल तर घाटात गाडी उकळणारच. पण हाच दाब एकदम सुटला की १०० च्या वर तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. गाडी उकळली तर ती बाजूला घ्यावी, बंद करावी, बॉनेट उघडून निदान अर्धा तास थांबावे. वरची नळी फडक्याने दाबून पाहावी, कडक असेल तर टोपणाला हात लावू नये. गरम इंजिनवर गार पाणीही ओतू नये, हेड तडकते. आणि जुन्या रेडिएटरला जास्त दाबाचे टोपण लावू नये, त्याचे सांधे सुटतात. कोणी भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. दंतमंजन, शाई, हळद काही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

पाणी कोणते भरावे? बोअरचे तर नकोच. घरच्या बंबात पांढरा थर कसा बसतो ते भगिनींना सांगायला नको. तोच थर इंजिनाच्या आत बसतो आणि उष्णता बाहेर येऊ देत नाही. बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी घ्यावे व त्यात कूलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळावे. कूलंट फक्त बर्फाच्या देशासाठी असते असे आबा म्हणत. (वेण्णा तलावाकाठी दव गोठते तेव्हा काय म्हणाल, असे मी विचारले.) पण आपल्याला त्याचा उपयोग गंज रोखण्यासाठी व उकळबिंदू वाढवण्यासाठी. ते विषारी असून चवीला गोड असते. काढलेले कूलंट परातीत उघडे ठेवाल तर वासरू किंवा कुत्रे पिऊन मरेल. ओढ्यातही ओतू नये.

एक गोष्ट आबांना पटवायला वेळ लागला. मोठे टायर घातले म्हणजे गाडीचे सारे गिअर जड झाले. तिसऱ्या गिअरमध्ये डिझेल वाचते म्हणून ते घाट तिसऱ्यातच चढवत. इंजिन कण्हत चाले, म्हणजे ओझे पुरेपूर आणि पंखा व पंप मात्र मंद. आता ते दुसरा गिअर टाकतात.

इंजिन बदललेल्यांनी कागदपत्रेही पाहावीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिला आहे. आर. सी. पुस्तकात जुनाच इंजिन नंबर असेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येते. आर. टी. ओ. कचेरीत जाऊन आधीच विचारावे.

चैत्रात मी आबांबरोबर पसरणी घाट चढलो. मागे आठ पोती पेंड, दुपारची वेळ. काट्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून दत्तमंदिरापाशी उतरून उष्णतामापक लावला. वरच्या नळीवर ८८ अंश. घरी पोचलो तेव्हा वहिनी धार काढत होत्या. गिऱ्हाईकाला त्यांनी आदल्याच दिवशी नकार कळवला होता.