जमीन गेली, निदान बियाणं तरी ठेवा



पितृपंधरवडा लागला की चाकण, मोशी, भोसरीच्या मंडईत गवार, भेंडी, कारली, लाल भोपळ्याचे भाव चढतात. दरसालचंच आहे. पण या भाज्या एकेकाळी आपल्याकडं कुणी विकत आणत नव्हतं. कुंपणाला, उकिरड्याच्या कडेला, गोठ्याच्या छपरावर वेल असायचेच. आता गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या. ज्यांच्या घराभोवती अर्धा-एक गुंठा मोकळा आहे, ते परत परसबाग करायला लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. फक्त त्यातले बहुतेक जण दुकानातून संकरित पाकीट आणतात, एक हंगाम खातात, आणि पुढच्या मृगाला पुन्हा पाकीट आणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. विक्रीच्या शेतात संकरित लावा, हरकत नाही. परसबागेत मात्र बी घरचंच पाहिजे.

म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, आंबेठाण ही गावं बघा. एमआयडीसीत जमिनी गेल्या. मोबदला ठरताना विहीर धरली, झाडं धरली, बांधकाम धरलं. घरातल्या आजीच्या गाडग्यातलं राखेत ठेवलेलं वालाचं, दोडक्याचं बी कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. त्याची किंमत शून्य. पण विहीर दुसरीकडं पाडता येते, झाड दुसरं लावता येतं. तुमच्या मातीत, तुमच्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं बी दोन-चार वर्षं पेरलं नाही की मरतं, आणि मेलेलं बी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आता कृषी पदवीधर मित्र म्हणतील, संकरितला उत्पन्न जास्त, रोगाला दाद देत नाही. खरं आहे. पण संकरित टोमॅटो जाड सालीचा का केला? क्रेटमध्ये भरून वाशीपर्यंत टिकावा म्हणून. परसातला टोमॅटो वीस पावलांवरच्या चुलीपर्यंतच जायचाय. बाजारासाठी माल एकदम तोडणीला आलेला परवडतो. घराला रोज मूठभर लागतो, चार महिने लागतो. दोन्ही गरजा वेगळ्या, मग बी एकच कसं चालेल? शिवाय संकरिताचं बी धरून लावलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. दहा रोपं दहा तऱ्हेची. म्हणजे तुम्ही कायमचे गिऱ्हाईक.

घरचं बी म्हणजे फक्त गावरानच, असंही नाही. सुधारित सरळ वाणाचं बीसुद्धा धरता येतं. मांजरी गोटा वांगं, धनश्री टोमॅटो, हिमांगी काकडी हे राहुरी विद्यापीठाचे सरळ वाण. आपल्याच खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथले भीमा शक्ती, भीमा किरण हेही सरळ वाण. निवडक कांदे लावून डोंगळ्यांचं बी घरी काढणारे शेतकरी तालुक्यात पूर्वीपासून आहेत. ज्यांना कांद्याचं जमतं, त्यांना घेवड्याचं न जमायला काय झालं? परसबागेसाठी कुणीही पाकीट दिलं तर एकच विचारा : सरळ की संकरित?

आणि हे काम किती मोठं होऊ शकतं ते बघायला लांब जायला नको. जुन्नर ओलांडलं की अकोले तालुका. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसबागेपासून गावरान बी जमवायला सुरुवात केली, बायफच्या मदतीनं बियाणे बँक उभी केली. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांचा फोटो शेअर करतो, बीजमाता म्हणतो आणि घरात पाकीट फोडतो.

बी धरायचं तर काही गोष्टी नीट समजून घ्या.

सुरुवात वाल, घेवडा, चवळी, मेथी, टोमॅटोपासून करा. यांचं परागीभवन बहुतांशी आपल्याच फुलात होतं, भेसळ कमी. टोमॅटो पूर्ण पिकू द्या, गर बियांसकट एक-दोन दिवस आंबू द्या, मग धुऊन ताटात सावलीला वाळवा. वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवा. पाण्यात चोळल्यावर तळाशी बसेल तेच बी घ्या. मिरची आणि वांग्यात थोडी भेसळ होतेच, म्हणून तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावू नका.

वेलवर्गात मधमाशी भेसळ करते. जागा थोडी असेल तर एका हंगामात एका भाजीचा एकच वाण लावा. शेजाऱ्याचा वेगळा दुधी असेल तर हातानं परागीभवन करा. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, लाल भोपळा, काकडी, कारलं सकाळी. उमलायच्या आधी नर आणि मादी दोन्ही कळ्या कागदी पिशवीनं झाका. उमलल्यावर नराचे पराग मादीला लावा, मादी फूल पुन्हा एक-दोन दिवस झाका आणि देठाला दोरा बांधून ठेवा. दुधी आणि लाल भोपळा यांचा आपसात संकर होत नाही, ती भीती काढून टाका. मात्र ज्या वेलाचा दुधी कडू लागला तो खाऊ नका, त्याचं बीही धरू नका. कडू दुधीनं माणूस दवाखान्यात जातो.

फळझाडांचं गणित निराळं. कागदी लिंबू बियांपासून बऱ्यापैकी आईसारखं येतं, सीताफळही बरं येतं. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तिथं कलमच पाहिजे. संकरित पपईच्या बियांचाही भरवसा नाही.

साठवणीला कडक वाळलेलं बी, चुलीची राख आणि घट्ट झाकणाची बरणी. वर नाव आणि साल लिहा. पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवा, सात उगवल्या तर बी चांगलं. कांद्याचं बी वर्षभरात दम तोडतं, भोपळ्याचं त्यापेक्षा बरंच टिकतं.

कायद्याची भीती घालणारेही भेटतील. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा आणि विकायचाही हक्क दिलाय. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकायचं नाही, एवढीच अट.

एक गोष्ट मला आशेची वाटते. खराबवाडी, नाणेकरवाडीच्या चाळींत लातूर, बीड, यवतमाळची पोरं राहतात. कुणाच्या पत्र्यावर दोडका चढलेला असतो, डब्यात गावाकडची मिरची असते. गावाहून येताना आईनं पुडी बांधून दिलेली. आपण त्यांच्याकडं फक्त भाडेकरू म्हणून बघतो. त्यांच्याकडं बी आहे, आपल्याकडं जागा आहे. देवाणघेवाण करायला काय हरकत आहे?

आत्ता वेल भरात आहेत. सवय अशी की चांगलं फळ आपण खातो आणि शेवटी उरलेलं वाकडं, किडकं बियाला ठेवतो. मग म्हणतो, गावरान बियात दम राहिला नाही. या वर्षी उलटं करा. निरोगी वेल निवडा, एकाच नाही, चार-पाच. त्यावरचं सरस फळ राखा, त्याला चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, हे तोडायचं नाही.

तुमच्या घरात कोणतं जुनं बी अजून शिल्लक आहे, गावाच्या नावासकट खाली लिहा. ज्यांच्याकडं जास्त आहे त्यांनी पुढच्या मृगाआधी मूठभर दुसऱ्याला द्या. एकाच घरात ठेवलेलं बी एका उंदरानं संपतं, चार घरांत गेलेलं राहतं.