माझगावच्या पाणबुडीचे नकाशे आणि तुमच्या आधारची पीडीएफ: फाइल फुटते ती नेमकी कुठे?

माझगाव डॉकमध्ये पुन्हा पाणबुड्यांची चर्चा आहे. 'प्रोजेक्ट ७५ आय' मधल्या सहा नव्या पाणबुड्यांसाठी माझगाव डॉक आणि जर्मनीची थिसेनक्रूप मरीन सिस्टिम्स एकत्र आले आहेत. संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यासाठी वाटाघाटी सुरू केल्या. बातम्यांमध्ये किंमत आणि इंजिनाबद्दल भरपूर बोललं जातंय. पण आपण इथे वेगळा प्रश्न घेऊ. पाणबुडीची हजारो पानं एका देशातून दुसऱ्या देशात जातात कशी, आणि फुटतात कुठे?

हा प्रश्न हवेतला नाही. माझगावने हे एकदा बघितलंय.

२०१६ मध्ये काय झालं होतं?

२००५ मध्ये फ्रान्सबरोबर सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला. पाणबुड्या बांधायच्या होत्या माझगाव डॉकमध्ये, डिझाइन होतं फ्रान्सच्या डीसीएनएस कंपनीचं. पहिली पाणबुडी, कलवरी, अजून नौदलात यायची होती. तेवढ्यात ऑगस्ट २०१६ मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या वृत्तपत्राने बातमी दिली की या पाणबुड्यांच्या माहितीची २२,४०० पानं बाहेर फुटली आहेत.

पहिली शंका अर्थातच हॅकिंगची आली. पण त्या वृत्तपत्राने सांगितलेला प्रवास फारच साधा होता. माहिती २०११ च्या सुमारास फ्रान्समधूनच कॉपी झाली, आग्नेय आशियातल्या एका खासगी कंपनीकडे गेली, तिथे एका सर्व्हरवर चढली आणि शेवटी एका डिस्कवर भरून साध्या टपालाने सिडनीला पोचली. कुठलंही एन्क्रिप्शन नाही. भारतीय नौदलानेही गळती भारतातून नाही, परदेशातून झाल्याचं दिसतं असं सांगितलं, आणि प्रसिद्ध झालेल्या पानांमुळे सुरक्षेला धोका नाही असंही म्हटलं.

म्हणजे इथे कुणी भिंत फोडली नव्हती. फाइल दारातूनच गेली.

एफटीपी: भारतीय माणसाने लिहिलेला नियम

फाइल पाठवायचा नियम म्हणजे प्रोटोकॉल. सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणजे एफटीपी. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते.

एफटीपीमध्ये दोन वाटा असतात. पोर्ट २१ वरून बोलणं चालतं: मी कोण, पासवर्ड काय, कुठली फाइल हवी. प्रत्यक्ष फाइल दुसऱ्या वाटेने येते. गडबड अशी की दोन्ही वाटांवर सगळं उघडं असतं, पासवर्डसुद्धा. मधे नेटवर्कवर बसलेला कुणीही तो वाचू शकतो. १९७१ मध्ये नेटवर्कवर मोजकेच लोक होते, सगळे ओळखीचे. आज तसं नाही. म्हणून २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकलं. त्याची जागा एसएफटीपीसारख्या पद्धतींनी घेतली, ज्यात पासवर्ड आणि फाइल दोन्ही कुलूपबंद जातात.

मग ईमेल?

ईमेलचं काम एसएमटीपी करतं. त्याचा मूळ नियम १९८२ चा. तुमचा मेल फोनवरून थेट मित्राच्या फोनवर जात नाही. आधी तुमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून मित्राच्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि मग बहुतेकदा आयमॅपने त्याच्या फोनवर. अगदी पोस्टासारखं.

आज या प्रत्येक टप्प्यावर साधारणपणे टीएलएसचं कुलूप असतं. पण ते फक्त रस्त्यापुरतं. प्रत्येक सर्व्हरवर पोचल्यावर थैली उघडते. शिवाय समोरच्या सर्व्हरला कुलूप जमत नसेल, तर बऱ्याचदा मेल तसाच उघडा पुढे जातो. जीमेलमध्ये अशा मेलच्या तपशिलात लाल, उघडं कुलूप दिसतं. कधी बघितलंय?

रस्ता सुरक्षित, मुक्काम नाही

मुद्दा इथे आहे. २०२३ मध्ये मूव्हइट नावाच्या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या एका भोकामुळे जगभरातल्या शेकडो संस्थांचा डेटा चोरीला गेला. तिथेही वाटेतलं कुलूप शाबूत होतं. चोर घुसले ते फायली ठेवलेल्या सर्व्हरवर.

स्कॉर्पीनचं तेच. समजा, ती डिस्क न पाठवता उत्तम एसएफटीपी वापरलं असतं, तरी पहिल्या कॉपीचं काय? ज्याच्याकडे फाइल वाचायचा हक्क आहे त्याने ती कॉपी केली, तर प्रोटोकॉल काही करू शकत नाही. प्रोटोकॉल रस्ता राखतो, माणूस राखत नाही. जर्मनीहून माझगावला येणाऱ्या फायलींसाठीही खरा प्रश्न हाच आहे: कॉपी किती, कुणाकडे, आणि काम झाल्यावर पुसतं कोण?

आणि तुमचं काय?

आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात या. 'दादा, आधार मेल करा, प्रिंट काढतो.' आपण करतो. पाच रुपयांची प्रिंट मिळते आणि पीडीएफ दुकानाच्या इनबॉक्समध्ये, डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी तेच. वाटेत कुणी वाचणार नाही, पण तुम्ही नंतर चॅटमधून डिलीट केलेली फाइल त्या कॉम्प्युटरवरून पुसली जातेच असं नाही.

ई-आधारला पासवर्ड असतो, हे खरं. पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. तुमचं नाव आणि वय माहीत असलेल्याला तो कितीसा अवघड?

म्हणून तीन सवयी लावून घ्या:

- जिथे चालतं तिथे मास्क्ड आधारच द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात.
- शक्य असेल तर फाइल न देता मुदत असलेली लिंक द्या, आणि काम झालं की बंद करा.
- प्रिंट निघाली की तिथेच उभं राहून मेल, डाउनलोड आणि रीसायकल बिन, तिन्हीकडून फाइल पुसायला सांगा. लाजायचं काही कारण नाही. दुकानदारालाही दुसऱ्याचे कागद सांभाळायची हौस नसते.